सात बोटी, सव्वासहाशे किलोमीटर: मुंबई-पणजी सायकलचा प्लॅन

गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी मी डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडून बसले होते आणि मुंबई ते पणजी सायकलवर जायचा आमचा प्लॅन एकदाचा फायनल झाला असं समजून बाबांना दाखवत होते. एक्सेलमध्ये छान रंगवलेला, ६ दिवस, रोज साधारण १०५ किलोमीटर, खाली बेरीज बरोबर. बाबांनी चष्मा लावला, शीट वरून खालपर्यंत वाचली आणि विचारलं, "यात खाड्या कुठे आहेत?" मी म्हटलं, मॅपवर फेरीबोटी दाखवल्यात की. तर म्हणाले, "अगो, कोकणात किलोमीटर कसले मोजतेस, खाड्या मोज. खाडी आली की खाली उतरायचं, पलीकडे जायचं, परत वर चढायचं. तुझा सगळा दिवस तिथे जातो."

त्या एका वाक्यावर माझी अख्खी शीट बदलली, ६ दिवसांचे ९ झाले, आणि हे सगळं इथे सविस्तर लिहून ठेवतेय कारण हा रूट करायचं डोक्यात असलेले पुण्यात खूप जण मला भेटलेत आणि बहुतेकांच्या शीटमध्ये तीच चूक आहे जी माझ्या शीटमध्ये होती.

आधी आम्ही कोण ते सांगते. मी, माझी कॉलेजातली मैत्रीण, ऑफिसातला एक मित्र आणि आमच्या सोसायटीतले एक काका, वय ६३, माळकरी, आमच्यापेक्षा शांतपणे आणि जास्त वेळ सायकल चालवणारे. मी कर्वेनगरला राहते. शनिवार-रविवारी खडकवासला-पानशेत, महिन्यातून एकदा सिंहगड, असं आमचं चालू असतं. पुण्यातले सायकलवाले गोव्याला जातात ते बहुतेक कोल्हापूरच्या हायवेने, किंवा मग ताम्हिणी उतरून माणगावला जातात आणि तिथून किनारा धरतात. त्यामुळे "मुंबईला कशाला जायचं उगाच, ताम्हिणी उतरा ना सरळ" हे मला निदान दहा जणांनी ऐकवलंय.

पण मला राजधानी ते राजधानीच करायचंय. मुंबई महाराष्ट्राची राजधानी झाली १ मे १९६० ला आणि ती सहज मिळालेली नाही, म्हणून आम्ही गेटवेवरून न निघता हुतात्मा चौकातून निघणार आहोत. पणजी ३० मे १९८७ ला एका राज्याची राजधानी झाली, त्याआधी १८४३ ते १९६१ पोर्तुगीजांची. आणि दोन्ही शहरांच्या मधे हा किनारा आहे ज्यावर दर २०-२५ किलोमीटरवर एक बंदर आहे आणि त्या बंदराला स्वतःचा इतिहास आहे. मुंबईची बेटं पण १६६१ च्या लग्नाच्या तहात इंग्रजांकडे जायच्या आधी पोर्तुगीजांचीच होती ना. पहिल्याच दिवशी रेवदंड्याचा पूल ओलांडला की कोर्लई लागतं, तिथे किल्ल्याच्या पायथ्याच्या ख्रिश्चन वस्तीत आजही पोर्तुगीजमधून तयार झालेली एक भाषा घरात बोलतात, आणि आजूबाजूला सगळी मराठी. एका पोर्तुगीज राजधानीकडे जाताना वाटेत पहिल्याच दिवशी ही भाषा भेटणार हे मला फार आवडलंय.

दुसरं कारण बाबा. बाबांचं गाव गुहागर तालुक्यात, धोपाव्याच्या बाजूला. लहानपणी मुंबईला जायचं तर दाभोळला बोटीत बसायचं आणि भाऊच्या धक्क्याला उतरायचं. पावसाळ्यात बोटी बंद. त्यांना ती सगळी बंदरं अजून ओळीने पाठ आहेत, हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला, पणजी, एका दमात म्हणून दाखवतात. हर्णैला म्हणे बोट लांब उभी राहायची आणि पडावातून माणसं न्यायचे, आणि लाटा असल्या की पडावातच लोकांना बोट लागायची. आम्ही आता एसटीत बसून सुद्धा "गाडी लागते" म्हणतो तो शब्दप्रयोग या बोटींच्याच घरातला असावा. तर माझा जो रूट मी गुगल मॅपवर दोन आठवडे घासून काढला तो म्हणजे बाबांच्या बोटीचाच रूट आहे, फक्त जमिनीवरून.

आणि तिसरं, घाई. हा किनाऱ्याचा रस्ता म्हणजे रेवस-रेड्डी सागरी महामार्ग, बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून, म्हणजे १९८० च्या सुमारासची ही कल्पना. अजूनही मोठ्या खाड्यांवर पूल नाहीत म्हणून तिथे फेरीबोटी आहेत. आता पुलांची कामं मार्गी लागतायत. गावातल्या लोकांना पूल हवेतच, रात्री पेशंट न्यायचा असला तर बोटीची वाट बघणं काय असतं ते त्यांनाच माहीत, त्यामुळे पूल होऊ नयेत असं मी म्हणणार नाही. पण बोटीने खाड्या ओलांडत पणजीला पोचायची संधी थोड्याच वर्षांची आहे.

आता मूळ मुद्दा, खाड्या.

कोकणातला किनारा सपाट असेल असं पुण्यात बसून वाटतं कारण समुद्राची उंची शून्य. पण रस्ता समुद्राच्या काठाने थोडाच जातो सगळीकडे. गावं खाली, बंदराला, नारळी-पोफळीत. गावाच्या मागे जांभ्या दगडाचा कडा आणि वर सडा, म्हणजे कातळाचं सपाट पठार, शे-दीडशे मीटर उंच. हे पठार नद्यांनी जागोजाग कापलंय आणि प्रत्येक काप म्हणजे एक खाडी. त्यामुळे एका गावातून दुसऱ्या गावात जायचं म्हणजे घाटी चढून सड्यावर यायचं, ऊन खात दोन-चार किलोमीटर सड्यावरून जायचं, आणि परत तेवढंच खाली. हे दिवसातून पाच-सहा वेळा. आणि हे चढ आपल्या घाटांसारखे वळणं घेत आरामात जात नाहीत, छोटे आणि उभे असतात. सिंहगड एकदा चढला की चढला, नंतर उतारच आहे, घरी येऊन आंघोळ. इथे चढलेलं सगळं लगेच गमावायचं आणि परत चढायचं.

हे मला खरं तर आधीच कळायला हवं होतं कारण गेल्या फेब्रुवारीत मी आणि मैत्रीण दापोलीहून निघून दाभोळला बोटीने पलीकडे जाऊन गुहागर, वेळणेश्वर करत हेदवीपर्यंत गेलो होतो. अंतर जेमतेम ७५ किलोमीटर. सकाळी ७ ला निघालेलो, हेदवीला पोचलो तेव्हा संध्याकाळचे ६ वाजत आले होते. पानशेत रोडला माझा ॲव्हरेज २० चा येतो, तो आकडा मी डोळे झाकून एक्सेलमध्ये टाकला होता, २० ने भागलं की १०५ किलोमीटर सव्वापाच तासात. कोकणात थांबे-बोटी धरून दिवसाचा ॲव्हरेज ७-८ चा पडतो. जानेवारीच्या मध्यावर तिकडे सूर्य साधारण ७ वाजून १० मिनिटांनी उगवतो आणि सव्वासहा-साडेसहाच्या दरम्यान मावळतो, म्हणजे उजेड ११ तासांचा, आणि अंधारात अनोळखी घाटी उतरायची नाही हा आमचा पहिला नियम. मग ११ गुणिले ७, झाला हिशोब. ६०-७० किलोमीटरचा दिवस हाच खरा दिवस. त्याच्यावर जायचं तर त्या दिवशी बोट नको.

बोटी एकूण सात. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी मोठी बोट. मुरूडच्या पुढे आगरदांडा ते दिघी, ही राजपुरीची खाडी, डावीकडे-उजवीकडे जंजिरा शोधत जायची. बागमांडले ते वेसवी, ही सावित्रीची, म्हणजे महाबळेश्वरला उगम पावते तीच नदी इथे समुद्राला मिळते, आणि इथेच रायगड जिल्हा संपून रत्नागिरी लागतो. दाभोळ ते धोपावे, वाशिष्ठीची. ही फेरीबोट २००३ साली सुरू झाली आणि त्याआधी गुहागरला गाडी घेऊन जायचं तर चिपळूणचा वळसा मारायला लागायचा. तवसाळ ते जयगड, शास्त्री नदी. मग बराच वेळ पूलच पूल, आणि शेवटच्या दिवशी दोन, तेरेखोल ते केरी आणि बेती ते पणजी. तेरेखोलचा किल्ला नदीच्या अलीकडे असूनही गोव्यात आहे, म्हणजे गोव्यात आपण नदी ओलांडायच्या आधीच शिरतो हे मला मॅप बघितल्यावरच कळलं.

मांडव्याची रो-रो सोडली तर यातल्या प्रत्येक बोटीला मी प्लॅनमध्ये दीड तास धरलाय. पंधरा मिनिटं खाडी ओलांडायला, अर्धा-पाऊण तास वाट बघायला, आणि उरलेला पलीकडचा चढ चढायला. वेळापत्रकं मी नेटवरून घेतलेली नाहीत. आदल्या दिवशी जिथे राहू त्या घरच्या माणसांना विचारायचं, त्यांना माहीत असतं, त्यांच्या पोरांचं कॉलेज त्याच बोटीवर अवलंबून असतं.

भरती-ओहोटीची गोष्ट मात्र मला बाबांनी शिकवली आणि ती शिकून मला फार आनंद झाला म्हणून इथे मुद्दाम लिहितेय. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर ४ ची पाऊणपट ३, म्हणजे दुपारी ३ च्या सुमाराला पूर्ण भरती, आणि पहाटे पण तशीच एक. अष्टमीला ६. पौर्णिमा-अमावास्येला १५ धरायचे, सव्वाअकरा येतात, खरं तर १२ च्या आसपास. ओहोटी त्याच्या पुढे-मागे सहा तास. हा अंदाज आहे, तास-अर्धा तास इकडेतिकडे होतो, आणि दक्षिणेला जाऊ तशी भरती मुंबईच्या थोडी आधी येते. पण पुण्यात भिंतीवरच्या कालनिर्णयात बघून दाभोळच्या धक्क्याला पाणी किती असेल ते सांगता येतं, म्हणजे बघा. सायकलवाल्याला हे कशाला हवं? तर पूर्ण ओहोटीला धक्क्याचा उतार लांब, उभा आणि शेवाळलेला असतो. पायात क्लीट्सचे, म्हणजे पेडलला अडकणारे बूट, मागे दोन्ही बाजूला पॅनिअर, म्हणजे सामानाच्या पिशव्या, हातात सायकल, पाठीमागे चढायला उतावीळ झालेल्या मोटरसायकली. भरतीला तोच उतार चार पावलांचा असतो.

मग आम्ही तारखा घेऊन बसलो. २०२६ च्या जानेवारीत २६ तारीख सोमवारी येते. १६ ला शुक्रवारी मुंबईला जायचं, १७ च्या शनिवारी हुतात्मा चौकातून निघायचं, २५ च्या रविवारी पणजी, २६ ला परतीचा प्रवास. नऊ दिवस सायकल आणि रजा फक्त सहा. ऑफिसात हे ऐकल्यावर लगेच हो मिळालं.

पण कालनिर्णय नीट बघितलं तेव्हा कळलं की यात तीन गाठी आहेत. १८ ला अमावास्या, म्हणजे पहिल्या तिन्ही खाड्या, दिघी, वेसवी, दाभोळ, उधाणाच्या दिवसात येतात, भरती मोठी आणि ओहोटी पण मोठी. त्यामुळे त्या दिवसांत बोट सकाळी लवकर धरायची नाही, ओहोटी असते, थोडं पाणी चढलं की जायचं. दुसरी गाठ, २२ ला माघी गणेश जयंती आणि आमचा २१ चा मुक्काम गणपतीपुळ्याला! तारखा पक्क्या झाल्यावर मी तिकडे फोन करायला लागले, एकही खोली नाही, आणि एक बाई तर म्हणाल्या, "ताई, हा काय दिवस निवडलात." शेवटी अलीकडे मालगुंडला एका घरी दोन खोल्या मिळाल्या. मालगुंड म्हणजे केशवसुतांचं जन्मगाव, त्यांचं स्मारक आहे तिथे, मला तर ते जास्तच आवडलं. प्रश्न काकांचा होता, त्यांना माघी चतुर्थीला दर्शन हवं होतं. पण २२ चा दिवस आमचा सगळ्यात मोठा, मालगुंड ते जैतापूर, ८५ च्या आसपास. काका दोन दिवस विचार करून म्हणाले, "आपण २१ ला संध्याकाळी जाऊ, डोंगराची प्रदक्षिणा पण होईल, चतुर्थीला रस्त्यावर नाम घेईन." त्या डोंगराला प्रदक्षिणा घालायची पद्धत आहे, देऊळ डोंगराच्या पायथ्याला आहे ना.

तिसरी गाठ म्हणजे २४-२५-२६ चा लाँग वीकेंड, पुण्यामुंबईच्या सगळ्या गाड्या मालवण आणि गोव्याला. २४ ला आम्ही कुणकेश्वरहून आचरा, मालवण करून वेंगुर्ल्याला जाणार, म्हणजे बरोबर त्या गर्दीत. त्यावर उपाय एकच, पहाटे दिवे लावून अगदी फटफटताना निघायचं आणि मालवण १० च्या आत मागे टाकायचं. सिंधुदुर्ग बघायला बोटीत बसायचं नाही, किनाऱ्यावरूनच नमस्कार करायचा. हे ठरवताना मला वाईट वाटलं. पण महाराजांनी १६६४ साली ज्याचं बांधकाम सुरू केलं तो किल्ला सायकल लॉक करून, घड्याळाकडे बघत अर्ध्या तासात उरकायचा, हे मला जास्त वाईट वाटलं असतं. त्याच्यासाठी वेगळं यायचं.

तर आता दिवस असे. मांडवा-अलिबाग-रेवदंडा-काशीद करून मुरूड, ७०. दिघी, दिवेआगर, शेखाडीच्या समुद्रालगतच्या रस्त्याने श्रीवर्धन, हरिहरेश्वर, ६५. वेसवी, बाणकोट, केळशी, आंजर्ले, हर्णै करून कर्दे, ६०. लाडघर, बुरोंडी, कोळथरे, दाभोळ, बोट, गुहागर, ६५. हेदवी, तवसाळ, बोट, जयगड, मालगुंड, ६०. मग तो मोठा दिवस, आरे-वारे, रत्नागिरी, पावस, पूर्णगड, जैतापूर. मग विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, ६५. मग वेंगुर्ला, ८५. शेवटी शिरोडा, रेडी, तेरेखोल, केरी, शिवोली, म्हापसा, पर्वरी, बेती, पणजी, ७०. देवगडला जानेवारीत आंबा नसणार, मोहोर असणार, आणि हापूसच्या बागांमधून मोहोराच्या वासात सायकल चालवायची याची मी आत्तापासून वाट बघतेय.

दिशा पण विचार करून ठेवलीय. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो ते इथे कामाला आलं. दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि या दिवसांत तो बराचसा वायव्येकडून येतो, म्हणजे दक्षिणेला जाणाऱ्याच्या पाठीमागून. पणजीहून मुंबईला आलो असतो तर रोज थकलेल्या पायांनी दुपारी तोच वारा तोंडावर घेतला असता.

सायकलीबद्दल. माझी रोड बाईक आहे, पुढे लहान चकती ३४ दात्यांची, मागे सगळ्यात मोठी २८ ची होती. या गिअरला पेडल एकदा फिरवलं की सायकल साधारण अडीच मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे मारायचे तर ताशी ९ किलोमीटरचा वेग लागतो, आणि सामान लादून हेदवीच्या चढाला मला ९ झेपलाच नाही, फेरे ४५ वर आले आणि सगळा जोर गुडघ्यावर. दुसऱ्या दिवशी जिने उतरताना गुडघे बोलत होते. आता मागे ३४ ची कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच टाकला, त्याला झेपेल असं लांब पिंजऱ्याचं डिरेल्युर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, पण बदलावं लागलं, खर्च झाला. पण आता एका फेऱ्याला २.१ मीटर, म्हणजे ६० फेऱ्यांना साडेसात किलोमीटर, आणि तो वेग मी तासभर धरू शकते. कोकणात जायचं असेल तर कार्बन-बिर्बनवर पैसे घालायच्या आधी हा एक बदल करा, कळकळीने सांगते. टायर ३२ मिलिमीटर रुंदीचे, कारण सड्यावर जांभ्याची खडी असते.

दुसरी एक गोष्ट सगळ्यांनी बरोबर ठेवा, डिरेल्युर हँगर, म्हणजे डिरेल्युर ज्यावर फ्रेमला अडकतं तो छोटा तुकडा. फेब्रुवारीत परत येताना एका खाजगी बसच्या डिकीत सायकली टाकल्या होत्या, वर कोणाच्या तरी सामानाच्या गोणी आल्या, पुण्यात उतरून बघते तर हँगर वाकलेला, गिअर सगळे उड्या मारतायत. तो घरी येताना झाला म्हणून निभावलं, जाताना झाला असता तर ट्रिप दापोलीच्या स्टँडवरच संपली असती. प्रत्येक सायकलचा हँगर वेगळा असतो, तिकडे कुठल्या दुकानात मिळणार नाही, तो इथूनच घेऊन जायचा, हाताच्या तळव्यात मावतो. म्हणून या वेळी जाताना पिकअप केलाय, चारही सायकली उभ्या बांधून गोधड्या मधे घालून मुंबईला. एक्सप्रेसवेवर सायकलला बंदी आहेच, आणि जुन्या रस्त्याने मुंबईत शिरायची गर्दी कोणालाच नको होती. येताना गोवा एक्स्प्रेस, ती मडगावहून लोंढा, बेळगाव, मिरज करत पुण्याला येते, सायकली ब्रेक व्हॅनमध्ये. रेल्वेचं बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं म्हणून नोव्हेंबरच्या शेवटी सकाळी सकाळी चौघांची तिकिटं काढली. पणजी ते मडगाव २६ ला सकाळी सायकलवरच.

सराव बदललाय. आधी आम्ही सिंहगडावर भर देत होतो, आता बोपदेव घाट, एकदा नाही तर तीनदा, वर गेलं की खाली, परत वर, आणि पॅनिअरमध्ये दोन्ही बाजूला तांदळाच्या चार-चार किलोच्या पिशव्या. रिकाम्या सायकलवर केलेला सराव उपयोगाचा नाही, उतारावर ब्रेक किती आधी धरायचा हे वजन असल्याशिवाय कळतच नाही. कात्रजचा जुना घाट पण होतोय. काका तांदळाऐवजी ज्ञानेश्वरी आणि गाथा घालून येतात, वजन म्हणे तेवढंच भरतं.

जेवणाचं. कोकणात छोट्या गावात जेवण आधी सांगावं लागतं. दुपारी १ ला भूक लागल्यावर हॉटेल शोधलं तर मिळेलच असं नाही. सकाळी ९ ला फोन करून चार माणसं, त्यातलं एक शाकाहारी, असं सांगितलं की दीड वाजता ताटावर गरम भात, आमटी, मासा, सोलकढी असते, आणि अशी घरगुती जेवणाची एक यादीच मैत्रिणीने गावांप्रमाणे केलीय. सकाळी ८ च्या आत काही उघडत नाही, म्हणून खजूर, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू हँडलच्या पिशवीत. पाण्याच्या दोन बाटल्या, एकीत ओआरएस. जानेवारी असला तरी तिकडची हवा दमट, घाम वाळत नाही आणि सड्यावर सावली नसते.

बायकांसाठी एक लिहिते, कारण मी शोधलं तेव्हा कुठे सापडलं नाही. माझी पाळी या नऊ दिवसांत येणार आहे, बहुतेक चौथ्या-पाचव्या दिवशी. गोळ्या घेऊन पुढे ढकलायची नाही असं मी ठरवलंय, त्याऐवजी सगळ्या मुक्कामांना संडास-बाथरूम खोलीला लागून हवं ही अट ठेवली, आणि रस्त्यात जेट्टी, देवळं, एसटी स्टँड कुठे कुठे आहेत ते मॅपवर वेगळ्या रंगाने टाकलं. मित्राला आणि काकांना हे सांगून ठेवलंय. काका म्हणाले, "बरं झालं सांगितलंस, त्या दोन दिवशी तुझी पॅनिअर मी घेतो." मी घेऊ देणार नाही, पण त्यांनी विचारलं हे मोठं आहे.

कोणाला काही झालं तर काय, हे पण लिहून काढलं. कोकण रेल्वे किनाऱ्यापासून बरीच आत आहे, माणगाव, खेड, चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ, सावंतवाडी ही स्टेशनं आमची बाहेर पडायची दारं. कोणीही, कुठल्याही दिवशी, कारण न सांगता बाहेर पडू शकतं आणि बाकीच्यांनी आग्रह करायचा नाही, हे चौघांनी आधीच मान्य केलंय. जैतापूरचा मुक्काम अजून ओळखीतून चाललाय, तो या आठवड्यात पक्का होईल.

आणि बाबा. शीट बदलून झाल्यावर मी परत त्यांना दाखवली. त्यांनी भिंतीवरचं जानेवारीचं पान काढून घेतलं आणि १७ पासून प्रत्येक चौकटीत बारीक अक्षरात बंदराचं नाव आणि भरतीची वेळ लिहिली. २५ च्या चौकटीत पणजी, रथसप्तमी, आणि खाली लिहिलंय, "भांग आहे, पाण्याचा फरक कमी, बेतीला कधीही जा." भांग म्हणजे उधाणाच्या उलट, अष्टमीच्या आसपासची लहान भरती-ओहोटी. २० तारखेला, मंगळवारी, द्वितीया, दाभोळ, भरती दीड. त्या चौकटीवर मात्र पेनाने दोनदा गोल केलेला. मी विचारलं हे काय, तर आई आतून म्हणाली, "आम्ही पण येतोय त्या दिवशी, गाडी सांगितलीय." साठ-पासष्ट वर्षांनी बाबांना दाभोळच्या धक्क्यावरून खाडी ओलांडायचीय आणि ती पाणी चढलेलं असताना, आमच्याबरोबर, धोपाव्यापर्यंत. पलीकडे उतरून ते गाडीने गुहागरला जातील, आम्ही मागून चढ चढत येऊ.

म्हणजे २० ला काही झालं तरी १ वाजता दाभोळला असायला हवं. कर्द्याहून पावणेसातला निघायचं, बुरोंडीचा चढ ९ च्या आत, कोळथऱ्याला फक्त पाणी भरायचं, आणि चहाला कुठेही थांबायचं नाही. हे मी तिघांनाही कळवलंय.